सरकीसकट बर्फ

रविवार, १ डिसेंबर

ठरवलं. यंदाचा नाताळ आपल्या घरात करायचा.

सकाळी मोहिनीचा फोन आला होता, तेजूच्या खोकल्याचं सांगायला. मी सहज विचारलं, "यंदा नगरला कधी निघणार?" लग्न झाल्यापासून ती आणि बजरंग नाताळला तिच्या माहेरी नगरला जातात. ती मग म्हणाली, "यंदा कुठं जायचं, मामा?" एवढंच.

तिची आई उन्हाळ्यात गेली. भाऊ बंगलोरला, घराला कुलूप. म्हणजे माझ्या सुनेनं परळीच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये खिडक्यांवरची राख पुसत सण काढायचा, आणि आपण इथं अंगणात शेंगा खात बसायचं? जमणार नाही. माहेर बंद झालं तर दुसरं उघडता येतं. आपल्या दाराला काय झालंय?

पाचवीत आम्हाला बर्फाची एक कविता होती. कुणाची ते आठवत नाही, पण पानावरचं चित्र अजून दिसतं. सुळक्यासारखं झाड, त्यावर पांढरं पांढरं, मागं खिडकीत पिवळा दिवा. शाळा पत्र्याची, बाहेर जाळ पेटल्यासारखं ऊन, आणि आम्ही पोरं घाम पुसत तालात म्हणायचो. गुरुजी सांगायचे, डोळे मिटा म्हणजे थंडी वाजेल. मला खरंच वाजायची. नोकरीभर एसटीत तिकिटं फाडली, नेकनूरच्या पलीकडं धुरळा खात उभा राहिलो, पण ते चित्र काही पुसलं नाही. तसंच घर करायचं. तिला सांगायचं नाही. दारात आल्यावर बघू दे.

केसरला सांगितलं. ती सुपात तूर पाखडत होती.

"आवं, तिची माय जाऊन वर्ष तरी झालंय का?"

"त्यांच्यात दुखवटा नसतो. त्यांच्यात माणूस देवाघरी गेलं की गाणी म्हणतात."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"वाचलंय."

"वाचलंय म्हनं!" म्हणाली आणि सुपाजवळ आलेल्या कोंबडीला खडा मारला. कोंबडीचा काय दोष?

केसरचं मन मी ओळखतो. बजरंगनं कोर्टात लग्न केलं तेव्हा ख्रिश्चनाची पोर म्हणून हिनं वर्षभर मोहिनीच्या हातचा चहा घेतला नव्हता. तेजू झाली तेव्हा निवळली. पण तळाशी गाळ राहतोच. चहा वेगळा आणि आपल्या घरात त्यांचा सण वेगळा.

बुधवार, ४ डिसेंबर

बीडला जाऊन आलो. चांदणी मिळाली, मोठी, लाल कागदाची. लाल-हिरव्या झिरमिळ्या मिळाल्या. दिव्यांची माळ मिळाली. झाड दाखवा म्हटलं तर दुकानदारानं खोक्यातून प्लास्टिकचं काहीतरी काढलं. केरसुणी उलटी धरल्यासारखं.

"हे झाड?"

"काका, सगळे हेच नेतात. पुढच्या वर्षी परत वापरता येतं."

"ज्याला पान गळणं माहीत नाही ते झाड कसलं?"

त्याला कळलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. अशा माणसांपुढं बोलणं म्हणजे खडकावर पेरणी. वर दुपारचं ऊन असं की डिसेंबर आहे हे कॅलेंडरलाच माहीत. चांदणी डोक्यावर धरून स्टँडपर्यंत चालत आलो. लोक बघत होते. बघू देत.

शनिवार, ७ डिसेंबर

झाड मिळालं. वडवणीजवळ एका ओळखीच्या माणसाच्या बांधावर सुरूची रांग आहे. सुरू म्हणजे थेट चित्रातलं नसलं तरी त्याच्या चुलतघरातलं नक्की. त्यानं माझ्या उंचीची एक फांदी तोडून दिली. आता आणायची कशी? एसटीनं.

गाडीत कंडक्टर माऊली निघाला. माझ्याच हाताखाली शिकलेला. फांदी बघून दारातच हसायला लागला.

"सुंदरमामा, याचं तिकीट फुल काढू का हाफ?"

"सामानात धर."

"सामान बोलत न्हाई. हे तर सगळ्यांला गुदगुल्या करायलंय."

खरंच मागच्या सीटवरची म्हातारी सुरूची काडी नाकात जाऊन शिंकत होती. माऊलीनं विचारलं, "पूजेला हाय का?" मी म्हटलं, "सुनेला." सगळी गाडी वळून बघायला लागली. मग माऊलीच म्हणाला, "सुनेला झाड? मामा, आमच्या सासऱ्यानं जावयाला शर्टाचं कापड दिलं न्हाई अजून." गाडी हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. करडईचं रान, तुरीचा पिवळा फुलोरा. या माणसांना काय सांगायचं.

घरी येऊन तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून झाड बैठकीत उभं केलं. केसर दारात उभी राहून बघत होती. "किती दिवस टिकंल?" एवढंच विचारलं.

मंगळवार, १० डिसेंबर

टिकेना. रोज दोन तांबे पाणी घालतो, पण हवा अशी कोरडी की झाडाचं अंगच वाळायला लागलंय. काड्या गळतात. केसर दिवसातून दोनदा झाडते आणि मला ऐकू जाईल एवढ्यानं केरसुणी आपटते.

आज बर्फाचं काम काढलं. घरात यंदाचा कापूस पडून आहे, चांगल्या भावाची वाट बघत. त्यातला चांगला पांढरा बघून झाडावर टाकला. उरलेल्याचे दोऱ्याला पुंजके बांधून आढ्याला लोंबते सोडले. लांबून असं दिसत होतं की मला गुरुजींचा आवाज ऐकू आला. डोळे मिटून उभा राहिलो.

"आवं, सरकीसकट कापूस? भाव न्हाई म्हणून बर्फ केला व्हय?"

"बर्फाला सरकी असते."

"कुठल्या गावाला?"

बाराच्या पुढं पत्रा तापला. केसरनं पंखा लावला. लावायचा नव्हता, पण तिला काय माहीत, का मुद्दाम? सगळा बर्फ सुटून बैठकभर उडाला. थोडा आमटीत. मी जेवलो नाही. ती जेवली. कापूस ताटाच्या कडेला काढून ठेवत जेवली.

गुरुवार, १२ डिसेंबर

लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

झाड कोमेजतंय म्हणून सकाळच्या गारव्यात अंगणात ठेवलं होतं. मी आंघोळीला गेलो. तेवढ्यात शेजारच्या आश्रुबाचा कळप रानाला निघाला. टॉवेलवर बाहेर आलो तर डब्यात नुसता बुडखा. एक बोकड कापसाचा पुंजका दाढीला लावून माझ्याकडं बघत होता.

"आश्रुबा! हे काय बे?"

आश्रुबा काठीवर हनुवटी टेकून शांत उभा. "मामा, बकरीला काय म्हाईत तुमचा सण. हिरवं दिसलं, खाल्लं." मग बोकडाकडं बघून म्हणाला, "पर दाढी बगा कशी शोभायली. तुमचा नाताळबाबा चालत आला की दाराशी."

केसर ओट्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. अंग हलत होतं तिचं. हसा.

रविवार, १५ डिसेंबर

बजरंगला फोन केला. आठवडाभर त्याची पाळी रात्रीची, सापडत नाही. म्हटलं, चोवीसला दुपारपर्यंत या, मोहिनीला काही बोलू नको, घर सजवायचं काम चालू आहे.

"सजवायचं? आबा, ती यंदा..."

"यंदा काय? यंदा तिला कुठं जायला नाही, ते मला माहीत आहे. तू गप राहा."

"तसं न्हाई आबा, तुमी जरा..."

"तुला तुझ्या आईनं शिकवलंय का?"

त्यानं फोन ठेवला. का रेंज गेली. बापाला एकटं पाडायचं ठरवलं असेल तर दोघांनी पाडावं.

संध्याकाळी केसरला म्हटलं, करंज्या करायला घे. त्यांच्यातही नाताळला करंज्या करतात, मोहिनीनं डबा भरून आणलेल्या आपण खाल्ल्यात.

"मी कढई चढवनार न्हाई."

"का?"

"सांगितलंय एकदा."

"म्हणजे सुनेच्या सणाला तेल महाग झालं?"

ती उठून आत गेली. हिच्या मनात तेढ आहे ती अशी बाहेर येते. मी मात्र मागं हटणार नाही. बाईमाणसाच्या सुतकाच्या कल्पना चुलीपाशी राहू देत.

शुक्रवार, २० डिसेंबर

केसर हल्ली फोन घेऊन पाण्याच्या टाकीमागं जाते. आज मी गेलो तर "बरं ठिवते" म्हणून बंद केला. कुणाचा विचारलं तर "बायडाचा." बायडाबाई ही तिची वडवणीची बहीण. दोघी बहिणी मिळून माझी थट्टा करत असणार. करा.

कापसाचे पुंजके पुन्हा बांधले. यावेळी डिंकानं. त्याला मुंग्या लागल्या. बर्फावर काळ्या मुंग्यांची रांग. एकही कवी यावर कविता करू शकणार नाही, आणि मी तर करायची नाही असं ठरवलंय.

सोमवार, २३ डिसेंबर

झाडाचा प्रश्न होताच. उद्या ती येणार आणि डबा रिकामा. शेवटी रानात गेलो आणि उशिराच्या पेऱ्यातल्या तुरीची चार उंच झाडं उपटली, फुलाशेंगांसकट. बांबूला बांधून, वरची टोकं एकत्र आवळून सुळका केला. दिव्यांची माळ गुंडाळली. लाल चांदणी दारावर. झिरमिळ्या खिडकीला. मुंग्यांना हळदीची रेघ मारली.

केसर रानातून आली आणि दारातच थबकली.

"उभं पीक उपटलं?"

"चार झाडं."

"माणूस पिकाला हात लावतंय म्हनल्यावर काय बोलायचं..." मग खाली बसली, गुडघे धरून. "ऐका माझं. चांदणी तेवढी काढा. राहिलेलं असू द्या, पोर हाय, खेळंल. दारावरची चांदणी तेवढी काढा."

"दारावर चांदणी नाही तर नाताळ कसला?"

"मी हात जोडते."

हात जोडलेही तिनं. इतक्या वर्षांत माझ्यापुढं हात जोडलेली केसर मी बघितली नव्हती, आणि ते सुनेच्या सणाच्या आड येण्यासाठी. मला भारी वाईट वाटलं. चांदणी काढली नाही.

मंगळवार, २४ डिसेंबर

आले. दोनच्या गाडीनं, उन्हात.

मी दारात उभा होतो. धुतलेलं धोतर, टोपी. दिवे दिवसाच लावून ठेवले होते. तेजू आधी पळत आली. "आजोबा, ख्रिसमस!" ओरडत तुरीच्या झाडाभोवती फिरली. एक शेंग तोडून खाल्ली. कापसाखाली उभी राहून डोकं वर करून जीभ काढली, बर्फ पडेल म्हणून. माझ्या कष्टाचं चीज झालं.

मोहिनी चौकटीत थांबली. चप्पल एका पायातली काढली, दुसरी पायातच. वर चांदणीकडं बघत राहिली. चौकट धरली होती हातानं. मग म्हणाली, "छान केलंय, मामा. तुम्ही एकट्यानं केलं?" आवाज बसला होता, प्रवासात धूळ गेली असेल. तशीच सरळ आत केसरकडं गेली. थोड्या वेळानं रडण्याचा आवाज आला. केसरचा हलका आवाज, "रड बाई, रड."

आनंदाचं रडणं. अशी घरं कवितेत असतात, बाहेर कुणाला मिळतात? मी बजरंगला म्हटलं, "बघ." त्यानं पिशव्या उचलून आत नेल्या.

पण दिवस मावळला, दिवे खरे दिसायला लागले, तरी ती बाहेर येईना. डोकं दुखतंय म्हणे. मी खुर्च्या मांडल्या होत्या. तेजू एकटीच झाडापाशी. शेवटी मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "एवढं केलंय, घडीभर येऊन बसायला काय होतं?"

बजरंग मला अंगणात घेऊन गेला.

"आबा, तिच्या आईचं पहिलं वर्ष हाय."

"त्यांच्यात नसतं."

"आपल्यात हाय, मग त्यांच्यात कावून नसंल? नगरची माणसं हायेत ती, लंडनची न्हाईत. पहिल्या वर्षी दारावर चांदणी लावत न्हाईत त्यांच्या घरी. तळण करत न्हाईत. निसती प्रार्थना करत्यात."

"मग सांगायचं होतंस!"

"सांगायलो व्हतो. तुमी ऐकताव कुटं? मायनं बी सांगितलं."

"तिनं नीट सांगितलं नाही."

वर चांदणी लखलखत होती, गावात कुठूनही दिसेल अशी. मी बटण बंद केलं. तेजूनं भोकाड पसरलं. पुन्हा चालू केलं.

बुधवार, २५ डिसेंबर

सकाळी उठलो तर मोहिनी घरात नाही. तेजूही नाही. वाटलं, पहिल्या गाडीनं गेली. क्वार्टरमध्ये जाऊन बसली की पुन्हा या दाराशी सणाला येणार नाही. मी केलेल्या माहेराला माझ्याच हातानं कुलूप घातलं.

शोधत गेलो तर दोघी गोठ्यात. मोहिनी गव्हाणीपाशी पेंढीवर बसली होती, तेजू मांडीवर, गाय वैरण खात होती. मोहिनी तिला गोठ्यात जन्मलेल्या बाळाची कसलीशी गोष्ट सांगत होती आणि मग बारीक आवाजात एक भजन म्हटलं. आपल्यासारखंच भजन, ओवीच्या चालीचं. एवढी मी बैठक सजवली, झाडून पुसून, आणि या शेणात बसल्यात. म्हटलं, बाहेर तरी या. केसरनं मागून माझा सदरा ओढला. "बसू द्या."

दहाला बायडाबाई आली. वडवणीहून, डोक्यावर डबा. आधी मला नमस्कार करून चांदणीकडं बघून केसरला म्हणाली, "अगं बया." मग डबा उघडला. करंज्या, अनारसे. मला वाटलं माझ्या सणाला आल्यात. केसरनं मोहिनीला पाटावर बसवलं, नवं लुगडं पदरात घातलं, बायडाबाईनं करंजीचा तुकडा तिच्या तोंडात घातला.

"दुःखाच्या घरात कढई चढवत न्हाईत, पर परक्या चुलीवरचं चालतंय. तोंड गोड कर पोरी. माय गेली म्हणून सण मरत न्हाई."

मोहिनीनं विचारलं, "मावशी, तुम्ही एवढ्या करंज्या माझ्यासाठी?"

"तुझी सासू आठ दिस झाले कान खायली माझा. सारण गोड कर, पोरीला गोड लागतं. खसखस घाल. ह्ये घाल, त्ये घाल. म्हनलं तूच ये ना लाटायला. तर म्हनं, मला म्हाताऱ्यावर ध्यान ठिवायचंय."

सगळे हसले. मोहिनीसुद्धा, रडता रडता. म्हातारा म्हणजे कोण ते मला कळतं.

गुरुवार, २६ डिसेंबर

आज सगळं उतरवायला घेतलं. कुणी सांगण्याची वाट कशाला बघायची. स्टूल लावून वर चढलो, चांदणी काढली. मोहिनी येऊन स्टूल धरून उभी राहिली.

"रागावलात का, मामा?"

"मी कशाला रागावू? पण परवा दारातच सांगायचंस. एका शब्दात."

"तेजू नाचत होती. आणि तुम्ही टोपी घालून उभे होता." मग म्हणाली, "आईकडं पण चांदणी अशीच लाल असायची. मला वाटलं नव्हतं कुणी लावेल."

कापसातल्या सरक्या मोजाव्यात तसा सावकाश खाली उतरलो. तूर गाईला टाकली. माळ आणि चांदणी गोळा करून म्हटलं, आश्रुबाच्या पोरांना देतो, त्यांना खेळायला होईल.

"देता कुणाला?" तिनं हातातून चांदणी ओढूनच घेतली. "राहू द्या."

"मग परळीला न्या. घरात कुठं ठेवणार?"

"क्वार्टरला कशाला? तिथं कोण सण करतंय. इथंच राहील." आणि आत ओरडली, "आत्या, उंदीर लागणार नाही अशी जागा कोणती?"

"ह्यांची पत्र्याची पेटी हाय की माळ्यावर," केसर म्हणाली. विचार न करता.

माझी पेटी. तिच्यात माझ्या कवितांच्या वह्या, एसटीचा बिल्ला, गुरुजींनी दिलेलं पुस्तक. बजरंगनं ती उतरवली आणि सगळं माझ्या खाटेवर उलटं केलं. मी म्हटलं, हळू. कुणी ऐकत नाही. मोहिनीनं तळाला कागद घातला, चांदणीच्या घड्या सरळ केल्या, माळ पुठ्ठ्याला गुंडाळली, झिरमिळ्या वर ठेवल्या. केसरनं कुठून तरी डांबराच्या गोळ्या आणल्या. दोघी अशा बसल्या होत्या की मधून जायला वाट नव्हती.

"पुढच्या वर्षी तूर उपटू नका, मामा. झाड मी आणते. आणि कापूस पिंजून घ्यायचा, सरकी काढून. आत्या, येशूच्या जन्माची गव्हाणी मात्र आपण दोघी करू, मामांना करू द्यायची नाही."

"ह्यांला कशालाच हात लावू द्यायचा न्हाई," केसर म्हणाली.

पेटी भरली. माझं पुस्तक एका कोपऱ्यात मावत होतं, मी दाखवलंही. चांदणी चेंगरेल म्हणाली. म्हणजे माझं सगळं आयुष्य आता खाटेवर, आणि खाटेवर मी कुठं झोपायचं याचा विचार कुणी केलेला नाही. मोहिनीनं पर्समधून छोटं कुलूप काढलं, पेटीला लावलं आणि किल्ली केसरच्या कमरेच्या जुडग्यात अडकवली. मला विचारलंसुद्धा नाही.